इमिग्रेशनचं पत्र आलं की होणारा घोळ: ओळख, मुदत आणि उत्तर

मराठी कागदपत्रांचे इंग्रजी अनुवाद करणं हे माझं काम. सातबारा, जन्मदाखले, फेरफार, लग्नाचे दाखले, बाजार समितीच्या पट्ट्या. नाशिकच्या कॉलेज रोडवरून लोक येतात तसे निफाड, पिंपळगाव, दिंडोरीहूनही येतात आणि मोबाइलवर एक पत्र दाखवतात: अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनच्या इमिग्रेशन खात्याचं. देश वेगवेगळे, पण अडचण तीच. मुदत अर्धी संपलेली असते, पत्र खरं की खोटं हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि एजंटने परस्पर काहीतरी उत्तर धाडलेलं असतं किंवा धाडायचं ठरवलेलं असतं. हे इतक्यांदा पाहिलं आहे की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. मी वकील नाही. जिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये, तिथे तसं लिहिलं आहे.

पत्र खरं आहे का?

पत्रातल्या लिंकवरून किंवा पत्रात दिलेल्या फोन नंबरवरून पत्राची खातरजमा कधीच करू नका. ज्याने खोटं पत्र बनवलं त्याने नंबरही स्वतःचाच टाकलेला असतो. ब्राउझरमध्ये खात्याचा पत्ता हाताने टाइप करा, आपल्या लॉगिनने आत जा आणि तिथे तेच पत्र दिसतं का ते बघा.

अमेरिकेच्या बाबतीत हे बरंच सोपं आहे. यूएससीआयएस म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं. त्याच्या प्रत्येक अर्जाला पावती क्रमांक असतो: आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग दहा आकडे. तो क्रमांक त्यांच्या ‘केस स्टेटस’च्या पानावर टाकला की पुरावे मागितले आहेत की नाही हे दिसतं. तिथे ‘अर्ज मिळाला’ एवढंच असेल आणि मेल मात्र म्हणत असेल की चार दिवसांत पैसे भरा, तर निष्कर्ष तुम्हीच काढा. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं, म्हणजे आयआरसीसीचं, पत्र तुमच्या ऑनलाइन खात्यात संदेश म्हणून येतं, ऑस्ट्रेलियाचं इमी-अकाउंटमध्ये. पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता सरकारी दिसतो म्हणून विसंबू नका. तो भासवता येतो.

याच्या उलटही घडतं, आणि त्यात जास्त नुकसान होतं: खरं पत्र खोटं समजून बाजूला टाकलं जातं. २०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या अनेक परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसा रद्द झाल्याचे मेल आले. त्यात भारतीयही बरेच होते. भाषा इतकी कठोर होती की हा फसवणुकीचा मेल असावा असं कुणालाही वाटलं असतं. ते मेल खरे होते. अशा वेळी मुलाने पहिला फोन विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला करायचा. सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीत काय लिहिलं आहे ते तिथले अधिकारी बघू शकतात. पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होणं आणि विद्यार्थी म्हणून अमेरिकेतला दर्जा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाबरून तिकीट काढण्याआधी यातली नेमकी कोणती झाली हे कळायलाच हवं.

पत्र नाही, फोन आला आहे

मग बहुतेक ती फसवणूकच. यूएससीआयएस फोनवर पैसे मागत नाही, गिफ्ट कार्ड किंवा वेस्टर्न युनियनने तर नाहीच. तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, मुलाच्या विद्यापीठाचं नाव समोरच्याला माहीत आहे, एवढ्याने तो अधिकारी ठरत नाही. आपल्या पासपोर्टच्या झेरॉक्स किती ठिकाणी देऊन ठेवल्या आहेत ते आठवून बघा.

नाशिकमध्ये आईवडिलांना येणारा फोन थोडा वेगळा असतो. ‘तुमच्या मुलाला इमिग्रेशनने ताब्यात घेतलं आहे, कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.’ मुलगा तिकडे झोपलेला असतो, फोन उचलत नाही, आणि त्या दोन तासांत मुदतठेव मोडली जाते. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कुठलाही प्रकार भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला उद्देशून सांगितलं होतं. फोन ठेवा. मुलाच्या रूममेटचा आणि विद्यापीठाचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पत्र तिसऱ्याच माणसाला मिळालं

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज इथे बिघडतात, म्हणून यावर जरा थांबते.

अर्ज भरताना सल्लागार संस्थेने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो. लॉगिन त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्याकडे. कॅनडाहून पत्र येतं, ते त्यांच्या इनबॉक्समध्ये पडतं, तिथला मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो, आणि अर्जदाराला कळतं तेव्हा तीन दिवस उरलेले असतात. कधी तर नकार आल्यावरच समजतं की मध्ये एक संधी दिली गेली होती.

आज पत्र आलेलं नसेल तरी हे आजच करा. अर्जाच्या खात्याचं युजरनेम, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरं मागून घ्या. पाठवलेल्या पूर्ण अर्जाची पीडीएफ मागा, सगळ्या जोडपत्रांसह. ‘आमच्या पॉलिसीत नाही’ असं उत्तर मिळालं तर त्यावरूनच बरंच काही समजून घ्यावं. कॅनडासाठी आणखी एक कागद विचारा: आयएमएम ५४७६, म्हणजे प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म. पैसे घेऊन तुमच्या वतीने आयआरसीसीशी व्यवहार करणारा माणूस तिथल्या कायद्यानुसार अधिकृत असावा लागतो: तिथला वकील, क्युबेकचा नोटरी किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेला सल्लागार. तो अधिकृत असेल तर या फॉर्मवर त्याचं नाव आणि सदस्य क्रमांक असतो. हा फॉर्म भरलेलाच नसेल, तर तुमच्या अर्जामागे काम करणारा माणूस खात्याच्या लेखी अस्तित्वातच नाही आणि त्याने लिहिलेला प्रत्येक शब्द तुमचा धरला जातो. प्रतिनिधी काढून टाकायलाही हाच फॉर्म चालतो.

यात अतिशयोक्ती नाही. २०२३मध्ये कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांच्या बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण गाजलं. मुलं तिथे पोहोचून, शिकून, पुढचे अर्ज केल्यानंतर त्यांना नोटिसा आल्या. प्रवेशपत्र एजंटने दिलं होतं, पण नोटीस मुलांच्या नावाची होती. त्यानंतर, १ डिसेंबर २०२३पासून, प्रवेशपत्र खरं असल्याचं कॉलेजकडून पडताळून घेणं आयआरसीसीने बंधनकारक केलं.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज कंपनीचा असतो, त्यामुळे पुरावे मागणारं पत्र कंपनीला किंवा तिच्या वकिलाला जातं. कर्मचाऱ्याला नुसतं ‘आरएफई आला आहे’ एवढंच सांगतात. पत्राची प्रत आणि जाणाऱ्या उत्तराची प्रत मागा. तुमच्या पदवीबद्दल आणि कामाबद्दल त्यात काय लिहिलं गेलं हे पुढे मुलाखतीत तुम्हालाच विचारतील.

मुदत कशी मोजायची

देशागणिक हिशोब वेगळा आहे आणि शेजाऱ्याचा अनुभव इथे घात करतो.

यूएससीआयएसच्या पुरावे मागणाऱ्या पत्राला बहुतेक अर्जांत जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, अर्ज नाकारण्याचा इरादा कळवणाऱ्या पत्राला जास्तीत जास्त ३०. तुमच्या पत्रावर जी तारीख छापली आहे ती अंतिम. त्या तारखेपर्यंत उत्तर त्यांच्या हातात पडलेलं असावं लागतं, कुरिअरला दिल्याची पावती उपयोगाची नाही. मुदतवाढ मिळत नाही. तिथला नियमच तसा आहे, आजारपणाचं पत्र जोडूनही नाही. शिवाय उत्तर एकदाच द्यायचं. निम्मे कागद आत्ता पाठवून ‘उरलेले पुढच्या महिन्यात’ असं कळवलं, तर जेवढं हातात आहे त्यावर निर्णय द्या असा त्याचा अर्थ घेतला जातो. उत्तरच गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं समजून नाकारू शकतात.

कॅनडाच्या पत्रात दिवस लिहिलेले असतात, आणि तिथे मुदत संपायच्या आत, कारण आणि पुरावा देऊन वाढ मागता येते. देतीलच असं नाही, पण मागावी. बायोमेट्रिक्सच्या, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो देण्याच्या, सूचनापत्राला साधारण ३० दिवस असतात. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीनंतर २२१(जी)ची, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी हातात पडली असेल तर मागितलेले कागद द्यायला एक वर्ष असतं, त्यानंतर नव्याने अर्ज आणि नव्याने फी. वर्ष आहे म्हणून लोक निवांत होतात आणि कागद कपाटात राहतात.

आईवडील नाशिकला आणि अर्जदार डॅलसला असेल, तर त्या ८४ दिवसांतला खरा वेळ इथल्या दाखल्यांत जातो. महापालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, तहसील, शाळा, बँक. मध्ये दिवाळी आली तर पंधरवडा गेलाच. म्हणून पत्र आल्याच्या आठवड्यातच इथले अर्ज टाका, स्पष्टीकरणाचं इंग्रजी नंतर लिहिता येईल.

आपल्याकडचे तीन नेहमीचे पेच

पहिला: १ जून. आजीआजोबांच्या आणि कित्येक आईवडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. पुढे आधार, पासपोर्ट, सगळीकडे तीच गेली. मग ग्रीनकार्डसाठी जन्माचा पुरावा मागितला जातो आणि गावच्या नोंदीत निराळीच तारीख निघते, किंवा नोंदच निघत नाही. अशा वेळी कुणीतरी ‘तारीख जुळणारा दाखला करून देतो’ म्हणतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. नोंद शोधायची तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक, पाहायला मागा. नोंद सापडलीच नाही तर तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्या. त्यासोबत शाळेचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं. यूएससीआयएस ही वाट मान्य करतं. तारखा दोन निघाल्या असतील तर दोन्ही दाखवा आणि शाळेतली तारीख कशी पडली ते चार ओळींत सरळ लिहा. अधिकाऱ्यांनी भारतातले असे अर्ज आधी पाहिलेले असतात.

दुसरा: नावं. माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिलेलं तिसरंच. पदवी एका नावावर, पासपोर्ट दुसऱ्या. त्यात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ‘व्ही’ने, दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने. राजपत्रात नाव बदलाची नोंद असेल तर तिची प्रत, लग्नाचा दाखला, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. प्रतिज्ञापत्रात प्रत्येक स्पेलिंग जसंच्या तसं आणि कुठल्या कागदावर आहे ते लिहा. ‘इत्यादी’ लिहून सोडू नका.

तिसरा पेच पैशांचा, आणि इथे प्रामाणिक शेतकरी कुटुंबं विनाकारण अडकतात. द्राक्षाचे पैसे हंगामात एकदम येतात. कांद्याचे हिशोबपट्टीवर तुकड्यातुकड्याने. बँकेच्या उताऱ्यात महिनोन्महिने शांतता आणि मग मार्च-एप्रिलमध्ये मोठी रक्कम, हे परदेशी अधिकाऱ्याला कुणीतरी तात्पुरते ठेवायला दिलेले पैसे वाटतात. वर आयकर विवरणपत्रही नसतं, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. ही गोष्ट त्याला ठाऊक असेलच असं धरून चालू नका. लिहून सांगा. मग प्रत्येक मोठ्या जमेसमोर तिचा कागद ठेवा: बाजार समितीची हिशोबपट्टी, व्यापाऱ्याच्या पेमेंटची नोंद, सातबाऱ्यावरची पीक पाहणी. प्लॉट विकला असेल तर खरेदीखत आणि इंडेक्स टू. काकांनी दिले असतील तर काकांचं पत्र आणि काकांच्या खात्याचा उतारा. उसने असतील तर उसने म्हणा.

‘फंड दाखवून देतो’ म्हणणारे शहरात आहेत. महिनाभर तुमच्या खात्यात रक्कम ठेवतात, टक्केवारी घेतात. ब्रिटनला पैसे सलग २८ दिवस खात्यात लागतात, म्हणून हा धंदा चालतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण ज्या घरात स्वतःची पाच एकर बाग आहे त्या घरालाही हे लोक खोट्याच्या रांगेत उभं करतात. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडात ५ वर्षं प्रवेशबंदी येते, ऑस्ट्रेलियात ३ वर्षं व्हिसा अडू शकतो, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत. अमेरिकेत ती बंदी कायमची असते, माफी मिळाली तरच उठते.

अनुवाद

दर आठवड्याला कुणीतरी न्यायालयाबाहेरून शिक्का मारलेला अनुवाद आणतं आणि तो परत आलेला असतो. अमेरिकेला नोटरीचा शिक्का लागतच नाही. अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं अनुवादकाने सही करून लिहिलेलं लागतं. ‘पूर्ण’ म्हणजे सातबाऱ्याच्या तळाची टीप आणि शिक्क्यातला मजकूरही. कॅनडाला प्रमाणित अनुवादक नसेल तर अनुवादकाचं शपथपत्र लागतं, आणि अर्जदाराने, नातेवाइकाने किंवा प्रतिनिधीने केलेला अनुवाद चालत नाही, मग तो कितीही उत्तम असो. ब्रिटनला अनुवादकाचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. मूळ मराठी कागदाची प्रत प्रत्येक वेळी सोबत जोडायची. आणि मूळ दाखले मागितलेले नसतील तर पाठवू नका. यूएससीआयएसला पाठवलेला मूळ कागद परत येईलच याची खात्री नसते.

उत्तर कसं लिहायचं

पत्रात जे मुद्दे आहेत त्याच क्रमाने, त्याच क्रमांकाने. प्रत्येक मुद्द्याखाली दोन-चार वाक्यं आणि कुठला पुरावा कुठे जोडला आहे ते. विचारलं नाही ते सांगू नका. अधिकाऱ्याच्या दयेला आवाहन, देशाचं कौतुक, मुलाच्या दहावीच्या गुणांचा उल्लेख, हे सगळं काढा.

मी पाहिलेल्या चांगल्या उत्तरांतला एक परिच्छेद साधारण असा होता: ‘१४ मार्चला जमा झालेली रक्कम माझ्या वडिलांच्या द्राक्षबागेच्या विक्रीची आहे. व्यापाऱ्याची पावती जोडपत्र ४ मध्ये आहे. जमीन त्यांच्या नावावर असल्याचा सातबारा जोडपत्र ५ मध्ये, इंग्रजी अनुवादासह. भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे त्या रकमेचं विवरणपत्र उपलब्ध नाही.’ एवढंच. वाचणाऱ्याला पुढे विचारायला काही उरलं नाही.

आधीच्या अर्जात काही चुकीचं गेलं असेल, एजंटने टाकलेलं असलं तरी, तर आता लपवू नका. मात्र हे उत्तर स्वतः लिहायचं नाही, त्याला वकील हवा. कॅनडाच्या ज्या पत्रात ‘चुकीची माहिती दिल्याचा संशय’ असा सूर आहे, जिथे अर्ज नाकारण्याचा इरादा कळवला आहे, किंवा अमेरिकेत इमिग्रेशन न्यायालयात हजर राहायला सांगितलं आहे, तिथेही. न्यायालयाची तारीख चुकवली तर गैरहजेरीत देशाबाहेर काढण्याचा हुकूम होऊ शकतो, म्हणून पत्ता बदलला की अमेरिकेत यूएससीआयएसला १० दिवसांत आणि प्रकरण न्यायालयात असेल तर न्यायालयाला कामाच्या ५ दिवसांत कळवावं लागतं हेही मुलाच्या कानावर घाला. वकील त्या देशाचा हवा. नाशिकच्या ओळखीच्या वकिलाचा सल्ला प्रतिज्ञापत्रापुरता घ्या.

यूएससीआयएसच्या उत्तरात त्यांचं मूळ पत्र सर्वांत वर ठेवायचं. पत्ता पत्रावर छापलेलाच वापरायचा, मागच्या वेळचा नाही. पोस्टासाठी आणि कुरिअरसाठी पत्ते वेगळे असू शकतात, तेही तपासा. ऑनलाइन अपलोडची सोय असेल तर तीच बरी. पाठवलेल्या संचाची पानन्‌पान स्कॅन प्रत स्वतःकडे ठेवा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा.

आखातात कामाला जाणाऱ्यांची पत्रं वेगळी असतात. तिथे ‘व्हिसा मंजूर, उरलेले पैसे भरा’ असं पत्र आलं तर भरती करणारी संस्था ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. शंका वाटली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा क्रमांक आहे.

आणि इतकं करूनही नकार आला, तर नकाराच्या पत्रावरची तारीख त्याच दिवशी वकिलाला कळवा. कॅनडाच्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल न्यायालयात जायला बाहेरून केलेल्या अर्जासाठी ६० दिवस असतात, कॅनडात राहून केलेल्या अर्जासाठी १५. यूएससीआयएसच्या बहुतेक निर्णयांविरुद्ध ३० दिवस, निर्णय टपालाने आला असेल तर ३३. हे दिवस तुम्हाला पत्र मिळाल्यापासून मोजायचे की त्यावरच्या तारखेपासून, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.